मामांचा वजनकाटा

मुंगी इतकी हलकी होती की वारा सुटला की मिस्त्री तिची सायकल खांबाला बांधायचा आणि तिला सायकलीला. एकदा म्हणे ती भर उतारावर शिंकली आणि तीन वळणं मागे गेली. आता शिंकेने माणूस किती मागे जातं यावर वाद घालता येईल, पण मुंगी हलकी आहे यावर त्या टीममध्ये कोणी वाद घालत नव्हतं. एकटे मामा घालायचे. मामांच्या मते मुंगी जाड होती.

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. बायकांच्या सायकल शर्यतीत उतरणाऱ्या त्या टीमचे ते मॅनेजर. सात मुली, एक बस, एक गाडी, एक मिस्त्री आणि एक कुरकुरणारं वॉशिंग मशीन, एवढा त्यांचा संसार. जीभ अशी गोड की त्यांनी चहावर नुसती फुंकर घातली तरी साखर लागायची नाही. 'बाळा'शिवाय हाक नाही. एकीचं गळ्याखालचं हाड मोडलं, तर तिला पट्ट्या चिकटवून दुसऱ्या दिवशी यांनी सायकलवर बसवलं. आणि ती वेडी सगळ्यांना सांगत सुटली, "मामा किती मायेने म्हणाले माहितीय? बाळा, आज फक्त एकशेवीस किलोमीटर कर."

तर अशा या टीममध्ये मुंगीचं काम होतं पाण्याचं. सायकलची शर्यत लांबून बघणाऱ्याला वाटतं की जी ती आपापली पळतेय. तसं नसतं ते. टीममधली एकच जण जिंकायला निघालेली असते, बाकीच्या सहाजणी तिच्या चाकरीला. मुंगी मागे मामांच्या गाडीपाशी जायची, खिडकीतून आठ बाटल्या घ्यायची, खिशात, पाठीवर, छातीशी, मिळेल तिथे खोचायची आणि पुन्हा जीव काढून पुढे जाऊन जिची तिची बाटली पोचवायची. शेवटची बाटली ताईची. ताई म्हणजे टीमची म्होरकी. ताईने नुसता उजवा हात मागे केला, बोटं उघडली, की मुंगीने त्यात बाटली ठेवायची. चार वर्षं ठेवली. मुंगीच्या स्वप्नातसुद्धा तो हात यायचा, आणि ती झोपेत उशी उचलून द्यायची.

पण डोंगर चढायला मुंगीसारखी दुसरी नव्हती, हे ताईलाही माहीत होतं आणि मामांनाही. बाटल्यांचं ओझं घेऊन ती जितकी चढायची तितकी बाकीच्या रिकाम्या हाताने चढत नव्हत्या. म्हणून मुंगीने मामांकडे एकच मागणं मागितलं होतं. मोठ्या शर्यतीत डोंगराचा दिवस असतो. त्या एका दिवशी, शेवटच्या चढावर, मला मोकळं सोडा. पाणी नाही, चाकरी नाही. मला एकदा बघू दे मी कुठवर पोचते.

मामा म्हणाले होते, "का नाही सोडणार, बाळा? सेहेचाळीस किलोच्या खाली ये. ज्या दिवशी आलीस त्या दिवशी तू मोकळी. सगळ्यांसमोर शब्द देतो." आणि मग हळूच पुढे, "बघू."

हे 'बघू' मामांचं ठेवणीतलं होतं.

आता त्या टीमची एक रीत होती. रोज सकाळी न्याहारीच्या आधी वजन. मामांचा एक पांढरा वजनकाटा होता, आकडे लाल दिव्यात दाखवणारा. हॉटेल बदलो, देश बदलो, काटा तोच. त्याला कापूस भरलेली पिशवी शिवलेली होती. मुलींच्या बॅगा बसच्या पोटात आपटायच्या आणि काटा मामांच्या मांडीवर बसून यायचा. सकाळी तो जेवणाच्या खोलीत मधोमध मांडायचा. एकेकीने चढायचं. भोंगा नावाची एक मुलगी होती, तिने कुजबुज केली तरी शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. ती आकडा वाचायची, मामा वहीत लिहायचे, आणि जिचा आकडा तिने समोर सही करायची. सहीनंतर मामा एकेकीच्या ताटाकडे बघायचे. नुसते बघायचे. मुलींचे हात आपोआप पावावरून मागे यायचे.

मुंगी अठ्ठेचाळीस. दर सकाळी अठ्ठेचाळीस. तिने पाव सोडला, भात सोडला, मग बटाटा अर्धा केला, मग त्या अर्ध्याचाही अर्धा. काटा अठ्ठेचाळीसवर खिळे ठोकल्यासारखा. केस कापले. तरी अठ्ठेचाळीस. आंघोळीत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दीड वर्ष पाळी आली नव्हती. घाबरत घाबरत मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तेवढाच त्रास कमी, बाळा." आणि गंमत म्हणजे, वजन उतरत नाही याची मुंगीलाच इतकी लाज वाटायची की पुढे डॉक्टरचं नाव काढायचंही तिचं धाडस झालं नाही. स्वतःला गुन्हेगार समजणारं माणूस काही मागत नाही. मामांना हे चांगलं कळत होतं.

आधार एकच होता, ताई. दोघी एका खोलीत राहायच्या. ताईचा आकडाही कधी मामांच्या मनासारखा यायचा नाही, तीही ताटात पालापाचोळा घेऊन बसायची. रोज खोलीत आल्यावर आपल्या वाट्याचं केळं मोडायची आणि अर्धं मुंगीला द्यायची. "खा गं. आपण दोघी उपाशी, एकमेकींना नाही बघायचं तर कोणी बघायचं?" मुंगी कधी खायची, कधी नको म्हणायची. पण त्या अर्ध्या केळ्यासाठी तिने ताईकरता अख्खे डोंगर पाठीवर वाहिले असते. वाहतच होती की.

मोठ्या शर्यतीत डोंगराच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मामा मॅनेजर लोकांच्या बैठकीला गेले. मुली पाय वर करून पडल्या होत्या. मुंगीला भुकेने झोप येईना म्हणून ती हॉटेलमागच्या आवारात मिस्त्रीपाशी जाऊन बसली. मिस्त्री म्हणजे ढेरपोट्या, भुवयांत ग्रीस असलेला माणूस. सायकलीशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा आणि सायकलीचं जास्त ऐकायचा.

तो वैतागला होता. "मुंगे, माझा लटकवायचा काटा गाडीखाली आला. पार चपाती. आता उद्याच्या डोंगरासाठी तुझी चाकं बदललीत, आणि वजन कसं बघू?"

शर्यतीचा नियमच होता. सायकल सहा किलो आठशेच्या खाली गेली तर पंच चालू देत नाहीत. म्हणून मिस्त्री लोक ती बरोबर सहा आठशेवर आणून ठेवतात, वर वीस ग्रॅमही नको.

"मामांचा काटा बसमध्ये आहे," मुंगी म्हणाली.

"त्या काट्याला हात लावला तर माझा हात कापतील."

"ते बैठकीत आहेत. अंघोळ घालायची नाहीये त्याला, नुसता उभा राहा."

मिस्त्री पाय न वाजवता काटा घेऊन आला. आधी स्वतः चढला. मग सायकल खांद्यावर घेऊन चढला. पोट आड येत असल्यामुळे त्याला आकडा दिसायचा नाही, तो मुंगीने वाचायचा.

"नुसता तू नव्वद," मुंगी म्हणाली. "सायकल घेऊन सत्त्याण्णव दोनशे."

"म्हणजे सायकल सात दोनशे? शक्य नाही. तिचा एकूणएक नटबोल्ट मला पाठ आहे." त्याने जुनी चाकं लावली. काल पंचांनी याच सायकलीला सहा आठशेची चिठ्ठी चिकटवली होती, ती अजून दांड्यावर होती. पुन्हा चढला. पुन्हा सात दोनशे.

मिस्त्री हसायला लागला. "घ्या. सायकलपण जाडी झाली. मामांना सांगू नकोस, नाहीतर तिचंही रात्रीचं जेवण बंद करतील."

मुंगी हसली नाही. ती त्या चिठ्ठीकडे बघत राहिली.

मुंगी होती भंगारवाल्याची पोर. तिचे बाबा रद्दी आणि लोखंड तोलून घ्यायचे, आणि ती तराजूच्या पाळण्यात वाढली म्हटलं तरी चालेल. अंगणात चार काटे होते, आणि दर सोमवारी बाबा प्रत्येकाची परीक्षा घ्यायचे. पाण्याने. पाणी लबाडी करत नाही म्हणायचे, एक लिटर म्हणजे एक किलो, मग राजा तोलो नाहीतर भिकारी. अशा घरातली ही मुलगी, आणि चार वर्षं रोज सकाळी दुसऱ्याच्या काट्यावर डोळे मिटून चढली. काट्यावर शंका घ्यायची म्हणजे मामांवर घ्यायची, आणि मामा तर बाळा म्हणायचे.

तिने मिस्त्रीचा काळा टब काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला, आणि लिटरची बाटली मोजून दहा वेळा ओतली.

लाल दिव्यात आकडा आला. दहा पाचशे.

मिस्त्रीचं हसू भुवयांपर्यंत जाऊन तिथेच विरलं. त्याने पटकन टब ओतून दिला, काटा पुसला, पिशवीत घातला. "हे बघ मुंगे, मी काही पाहिलं नाही. मला दोन मुली आहेत. नोकरी गेली तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि काटा घेऊन बसकडे गेला तो वळून न बघता.

मुंगीने बाबांना फोन लावला. ते दुकानातच होते, मागे लोखंड आपटत होतं. तिने इकडचं तिकडचं न बोलता आकडे सांगितले.

बाबांनी मागची आपटाआपट थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "असल्या काट्यांच्या पोटाखाली एक बटण असतं. ते दाबलं की काटा म्हणतो, माझ्यावर वीस किलो ठेव, म्हणजे मी शिकतो. तिथे कोणी एकोणीसच ठेवले, तर तो एकोणीसला वीस समजायला लागतो, आणि मग जन्मभर सगळ्यांना जाड म्हणतो. पडून-आपटून असं होत नाही, पोरी. बसून, हाताने करावं लागतं."

"म्हणजे मी किती, बाबा?"

बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला, त्यांना कागद लागायचा नाही. "पंचेचाळीस सहाशे. इकडे तिकडे नाही." मग, "तू जेवतेस ना?"

मुंगीने फोन ठेवला.

सेहेचाळीसच्या खाली. कधीपासून कोण जाणे, ती मोकळी होती, आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं.

खोलीत ताई पलंगावर पाय भिंतीला लावून पडली होती. मुंगीने दार लावलं आणि सगळं ओकलं. सायकल, टब, दहा पाचशे, बाबांनी सांगितलेलं बटण. ताई उठून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मुंगीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "अगं बाई गं. आपण सगळ्या चार वर्षं उपाशी."

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर दाखवणार आहे मी," मुंगी म्हणाली. "वजनाच्या आधी. दहा लिटर पाणी ठेवते काट्यावर. तू माझ्या बाजूने उभी राहशील?"

"हे काय विचारणं झालं?" ताईने नाक पुसलं. "एक कर, आपल्या बाथरूममधली ती निळी बादली घे. तिच्यावर लिटरच्या खुणा आहेत, लांबून सगळ्यांना दिसतील. आणि आता कोणाशी बोलू नकोस. भोंग्याला कळलं तर तिकडे डोंगराला ऐकू जाईल."

दोघी हसल्या. ताईने केळं मोडलं, अर्धं मुंगीला दिलं. त्या दिवशी मुंगीने ते पूर्ण खाल्लं, साल चाटायची तेवढी राहिली. आणि कित्येक महिन्यांनी ती दगडासारखी झोपली.

सकाळी उठली तर ताई आधीच गेलेली. मुंगी बाथरूममध्ये बादली घ्यायला गेली. बादली नव्हती. नळाखाली नुसता ओला गोल होता.

ताईनेच नेली असेल, तिला वाटलं. आणि तसंच होतं म्हणा.

जेवणाच्या खोलीत मधोमध काटा मांडला होता, आणि काट्याशेजारी निळी बादली, दहाच्या खुणेपर्यंत काठोकाठ भरलेली. मामा खुर्चीत वही घेऊन बसले होते, चेहऱ्यावर सगळं मध. पाचजणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ताई खिडकीपाशी, कॉफीच्या कपात डोळे घालून.

"ये बाळा," मामा म्हणाले. "कोणाच्या मनात काट्याबद्दल काही शंका आली असेल, तर ती मनात ठेवू नये. म्हणून म्हटलं आपणच बादली भरून ठेवू. तू तर भंगारवाल्याची लेक, तूच ठेव."

बादलीचं तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. सांगितलं तरी कुठे होतं, बादली सुचवली होती ती ताईनेच. मिस्त्रीला ठाऊक होता तो काळा टब. ही निळी बादली या खोलीत फक्त ताईच्या पायांनी चालत आली होती.

तरी तिने केलं. रिकामी बादली ठेवली, आकडा शून्यावर आणला, पाणी परत ओतलं. ओतताना थोडं लादीवर सांडलं. भोंग्याने वाकून वाचलं, "नऊ किलो नऊशे."

"आणि सांडलेलं धरून दहा," मामा म्हणाले. "झालं समाधान? चला, मोठ्या शर्यतीच्या दिवशी असली खुळं डोक्यात येतात, मी रागावत नाही. आता वजनं करू. मुंगी पहिली."

बादली उतरवून मुंगी काट्यावर चढली. तिचं लक्ष आकड्याकडे नव्हतंच. ती खिडकीकडे बघत होती. ताईचा कप रिकामा होता, तरी ती पीत होती.

"पंचेचाळीस सहाशे," भोंगा म्हणाली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, "पंचेचाळीस?"

मामांचं पेन हवेत राहिलं.

काय आहे, चोरी झाकायला मामांनी पहाटे काटा खरा केला, बटण दाबून, पुरते वीस किलो ठेवून. हुशारी केली. पण काटा खरा झाला की तो फक्त बादलीशी खरा राहत नाही, सगळ्यांशी होतो, हे त्या गोड डोक्यात आलंच नाही. चार वर्षं रोज खोटा आकडा लिहून लिहून बिचाऱ्याला खरे आकडे कसे दिसतात याचाच विसर पडला होता.

"पुढची," मामा म्हणाले, पण मध जरा पातळ झाला होता.

पुढची चढली. काल साठ होती, आज सत्तावन्न. तिसरी दोन किलो सहाशेने उतरली. भोंगा स्वतः चढली आणि स्वतःच वाचलं, "अडीच कमी." सात मुली, एका रात्रीत मिळून अठरा-एकोणीस किलो मांस कुठे गेलं? एखादीला वाटावं, रात्री कोणी खोल्यांत शिरून तुकडे कापून नेले. भिंतीला टेकलेल्या मुली सरळ उभ्या राहिल्या. एक हिशोबी होती, तिने बोटं मोजली, बादलीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि सरळ टेबलापाशी जाऊन पावाला लोणी लावायला लागली. कोणी तिला काही म्हटलं नाही.

ताई शेवटची. तिचे दोन सातशे उतरले. तिला तेवढं आश्चर्य वाटलं नाही, हे मुंगीने पाहिलं.

"मामा," मुंगी म्हणाली, "सेहेचाळीसच्या खाली आले मी."

"बघू," मामा म्हणाले.

"बघू काय, मामा," भोंगा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं. "आकडा मी वाचलाय. तुम्ही लिहिलाय. तिने सही केलीय. शब्द तुमचा होता."

मामांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्याजणी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि चघळत होत्या. "बरं," ते म्हणाले. "आज शेवटच्या चढावर मुंगी मोकळी. पाणी भोंगा देईल."

मुंगीने तीन अंडी खाल्ली, दोन पाव, वर भात. चव कशाचीच लागली नाही. गर्दीत भोंग्याने मामांची वही जर्सीखाली सरकवली, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आवाजापुढे तिच्या हाताकडे कोणाचं लक्ष जातच नसे.

बसमध्ये मुंगी ताईच्या शेजारी जाऊन बसली. रोजचीच जागा.

"किती दिवस माहीत होतं?" तिने विचारलं.

ताई बाहेर बघत होती. खोटं बोलली असती तरी चाललं असतं, पण बोलली नाही. "तीन वर्षं. मला मामांनीच सांगितलं. म्हणाले, तू जेव, पण सगळ्यांसमोर नको."

"आणि केळं?"

"मुंगे, मला तुझं वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. म्हणूनच देत होते ना." ताई आता तिच्याकडे वळली. "मी चौतीसची आहे. तू मोकळी झालीस तर एका वर्षात टीम तुझ्यासाठी पाणी वाहायला लागेल. मग मी काय करायचं? माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मुंगीला वाटलं होतं मामांचा राग येईल. तो आलाच नाही. मामांनी काटा फिरवला, ते पोटभर लबाड होते, त्यांच्यावर काय रागवायचं. पण रोज संध्याकाळी एक माणूस पोट भरून खोलीत यायचं, आपल्याजवळ भुकेलं होऊन बसायचं आणि अर्धं केळं मोडायचं. केसाने गळा कापतात म्हणतात, इथे केळ्याने कापला होता.

ती उठली आणि भोंग्याशेजारी जाऊन बसली.

डोंगराचा शेवटचा चढ अकरा किलोमीटरचा. असा उभा की शेळ्याही म्हणे तिथे हाताला धरून चढतात. पायथ्याशी मुंगीने सगळ्यांच्या बाटल्या वाटून टाकल्या, स्वतःपुरती एक ठेवली, आणि निघाली. पाठीवर ओझं नाही असं चढणं चार वर्षांत पहिल्यांदा. पहिली चार वळणं तिला कळलीच नाहीत. एकेक मोठी नावाजलेली मागे पडत होती. वर फक्त चौघी उरल्या होत्या, आणि त्यांच्या पाठी तिला दिसत होत्या.

कानातल्या रेडिओत मामांचा आवाज आला. "मुंगी बाळा, भोंगा खाली राहिली. ताईकडे पाणी संपलंय. ताई तुझ्यामागे चाळीस सेकंदांवर आहे. थांब."

मुंगीने वळून पाहिलं. खालच्या वळणावर ताई होती. मान खाली, आणि उजवा हात मागे केलेला, बोटं उघडी. मागे कोणीच नव्हतं तरी हात तसाच. सवय.

आणि मुंगीच्या हँडलने आपोआप वळण घेतलं बघा. तिच्या मनाने नाही, हातांनी घेतलं. ती थांबली. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड होता, चार किलोमीटर बाकी असं लिहिलेला. तिने तिची ती एकुलती बाटली काढली, दगडावर नीट उभी ठेवली, पडू नये म्हणून दोनदा हलवून बघितली. मग कानातली रेडिओची गुंडी उपटून खिशात टाकली आणि पुन्हा पायडल मारलं.

हात उघडा ठेवून चालणार नव्हतं आता. ताईला थांबून, वाकून घ्यावी लागणार होती.

पुढच्या चार किलोमीटरमध्ये मुंगीची जीभ टाळूला चिकटली. एका न्याहारीने चार वर्षांची भूक भरत नसते. पाय आतून पोकळ झाले, पहिल्या चौघी दिसेनाशा झाल्या, मागून तिघी पुढे गेल्या, मग आणखी एक. ती नववी आली. टीममध्ये पहिली. सायकलवरून उतरली तेव्हा मिस्त्रीने तिला धरलं, नाहीतर ती वाऱ्याने खरंच तीन वळणं मागे गेली असती.

माथ्यावर बसमागे भोंगा आणि बाकीच्या हळूहळू जमल्या. मामांची वही उघडी होती, कालचं पान आणि आजचं पान, सात आकडे इकडे, सात तिकडे, सगळे मामांच्याच अक्षरात. शेजारी एका कोऱ्या कागदावर तक्रार लिहिली होती, साध्या भाषेत, दहा ओळींत. खाली सात रेघा. मिस्त्रीने त्यांना आपलं पेन दिलं. सही दिली नाही. कोणी मागितलीही नाही.

सहा सह्या झाल्यावर ताई आली. तिच्या हातात मुंगीची बाटली होती. शर्यतीत रिकामी बाटली कोणी जपत नाही, पिऊन रस्त्याकडेला फेकतात. ताईने ती वरपर्यंत आणली होती. बाटली अर्धी भरलेली होती.

तिने ती मुंगीपुढे धरली. मुंगीने घेतली, उघडली, आणि उरलेलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं, कारण तहान लागली होती. मग कागद पुढे केला आणि सातव्या रेघेवर बोट ठेवलं.

ताईने कागद वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. तिने बसकडे पाहिलं. बसच्या दारात मामा उभे होते, काट्याची कापूस भरलेली पिशवी पोटाशी धरून.

"बघू," ताई म्हणाली.

अगदी मामांच्या आवाजात म्हणाली. तिलाही ते ऐकू आलं असावं, कारण तिने कागद तसाच मुंगीकडे परत दिला.

मुंगीने कागदाची घडी केली आणि पंचांच्या तंबूकडे निघाली, मागून पाचजणी. तंबूत एक चष्मेवाली बाई बसली होती. तिने दोन्ही पानं बघितली, कागद बघितला, सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"टीममध्ये सात आहात ना तुम्ही?"

"हो," मुंगी म्हणाली.

"सातवी कुठे आहे?"

मुंगीच्या हातात अजून ती रिकामी बाटली होती. तिने ती टेबलावर ठेवली.

"ती बघते म्हणाली," मुंगी म्हणाली. "तुम्ही लिहून घ्या."